कुलूप चांगलंच आहे, पण किल्ली कुणाच्या खिशात?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. शेजारचा मुलगा लॅपटॉप छातीशी धरून दारात उभा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चेहरा असा, की मला वाटलं घरी कुणाला काही झालं. म्हणाला, "काका, निळी स्क्रीन आलीय आणि ४८ आकड्यांची किल्ली मागतेय. मी कुठलंच कुलूप लावलेलं नाही हो!"

झालं होतं असं. कॉलेजात लिनक्सवर काम करायला सांगतात, म्हणून त्याने विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकलं. एकाच लॅपटॉपवर दोन्ही. सुरू करताना हवं ते निवडायचं. यालाच ड्युअल बूट म्हणतात. कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं, की आधी बायोसमध्ये जाऊन 'सिक्युअर बूट' बंद कर. पठ्ठ्याने केलं. लिनक्स छान बसलं. मग त्यातून डी ड्राइव्ह उघडायला गेला तर पासवर्ड किंवा रिकव्हरी की द्या म्हणे. घाबरून परत विंडोजमध्ये जायला गेला, तर तेही उघडेना. तिथेही तीच मागणी.

आणि डी ड्राइव्हवर काय होतं? वडिलांच्या दुकानाचे जीएसटीचे कागद, सातबाऱ्याचे स्कॅन, आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो. सगळ्या घराचा संसार त्या एका ड्राइव्हवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या दुकानातून लॅपटॉप घेतला तिथे फोन लावला. उत्तर काय मिळालं? "सेटअप आमच्या पोराने त्याच्याच मेल आयडीवर केला होता, लवकर होतं म्हणून. कुठला आयडी ते आता आठवत नाही. आणा इकडे, फॉरमॅट मारून देतो. पाचशे रुपये."

फॉरमॅट मारून देतो! म्हणजे किल्ली हरवली तर घर पाडून देतो म्हणण्यातला प्रकार.

त्या दिवशी नशीब चांगलं होतं. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं आणि विंडोज मुकाट्याने उघडलं. लगेच आतून रिकव्हरी की काढली, कागदावर छापली, एक प्रत मुलाच्या आईच्या कपाटात गेली. त्यानंतर लिनक्समध्ये तीच किल्ली टाकल्यावर डी ड्राइव्हही उघडला. सगळं जागच्या जागी.

पण दरवेळी असं होत नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. गावाचा इतिहास लिहीत होते. जुन्या दस्तांचे फोटो, म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखतींचं रेकॉर्डिंग, आठ-नऊ वर्षांचं काम. पावसाळ्यात वीज पडली आणि लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. दुरुस्तीवाल्याने बोर्ड बदलला. डिस्क शाबूत होती, तिला काहीच झालं नव्हतं. पण सुरू केल्यावर तीच ४८ आकड्यांची मागणी. इथेही सेटअप दुसऱ्याच कुणाच्या आयडीवर. तो माणूस नोकरी सोडून गेलेला, नंबर बदललेला. कुणीतरी म्हणालं, लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बघा, त्यातून सगळं उघडतं. तेही केलं. नाही उघडलं. गुरुजी मला म्हणाले, "वही जळाली असती तर राख तरी दिसली असती. इथे सगळं आत आहे म्हणतात, पण मला वाचता येत नाही."

हे वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण वाचा. प्रश्न फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा नाही.

आधी हे कुलूप लावतं कोण ते समजून घेऊ.

विंडोजमध्ये बिटलॉकर नावाची सोय २००७ पासून, म्हणजे व्हिस्टापासून आहे. डिस्कवर लिहिलेलं सगळं ती गुप्त लिपीत बदलून ठेवते. यालाच एन्क्रिप्शन म्हणतात. घरगुती वापराच्या होम आवृत्तीत याचंच साधं रूप असतं, त्याला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असं नाव आहे. पूर्वी हे ठरावीक क्षमतेच्या मशीनवरच आपोआप चालू व्हायचं. २०२४ च्या शेवटी आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून त्या अटी सैल केल्या. आता नवा लॅपटॉप घेऊन मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं, की बहुतेक मशीनवर हे कुलूप आपोआप लागतं. आणि त्याची रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. ज्याचं खातं, त्याच्याकडे किल्ली. खातं दुकानातल्या पोराचं असेल तर किल्ली पोराकडे. कॉलेजचं किंवा ऑफिसचं असेल तर किल्ली त्या संस्थेकडे. आणि तुम्ही तिथून बाहेर पडल्यावर ते खातं बंद झालं की तुमची वाटही बंद.

मग रोज विंडोज सुरू करताना किल्ली का मागत नाही? कारण मदरबोर्डवर टीपीएम नावाची एक चिप असते. ती वॉचमनसारखी आहे. मशीन सुरू होताना सगळं नेहमीसारखं आहे ना, हे ती तपासते आणि स्वतःकडची किल्ली देऊन टाकते. तुम्हाला कळतही नाही. पण सिक्युअर बूट बंद केलं, काही वेळा बायोस अपडेट केलं, बोर्ड बदलला, की वॉचमनला वाटतं माणूस अनोळखी आहे. तो किल्ली देत नाही. म्हणून शेजारच्या मुलाचं सेटिंग पूर्ववत केल्यावर काम झालं. गुरुजींच्या बाबतीत वॉचमनच जुन्या बोर्डाबरोबर गेला.

लिनक्सची अडचणही इथेच आहे. विंडोजच्या वेळी वॉचमन आपणहून दार उघडतो. लिनक्स त्याच मशीनवर, त्याच डिस्कवर असलं तरी त्याच्यासाठी तो किल्ली काढत नाही. त्यामुळे लोकांना वाटतं लिनक्सला बिटलॉकर वाचता येत नाही. तसं नाही. किल्ली दिली तर येतं. डिसलॉकर नावाचं साधन बरीच वर्षं आहे, आणि लिनक्समध्ये कुलपं सांभाळणाऱ्या क्रिप्टसेटअप या प्रोग्रामलाही २०२० च्या २.३ आवृत्तीपासून बिटलॉकर उघडता येतं. हल्ली तर बहुतेक लिनक्समध्ये ड्राइव्हवर नुसतं क्लिक करायचं आणि समोर येईल त्या चौकटीत ४८ आकडे टाकायचे. संपलं. ही सोय बाहेरच्या प्रोग्रामरांनी बिटलॉकरची रचना उलगडून, स्वतःच्या कष्टाने केलेली आहे. त्यांना दाद द्यायला हवी.

उलट दिशेने मात्र ही सोय नाही. लिनक्सचं स्वतःचं कुलूप म्हणजे लक्स. त्याची रचना सगळ्यांसाठी खुली आहे, कुणीही वाचावी. पण विंडोज ते आपणहून उघडत नाही. लक्स लावलेली बाहेरची हार्ड डिस्क विंडोजला जोडली, तर कित्येकदा समोर प्रश्न येतो, की ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल, करू का? घरातलं कुणीतरी 'हो' म्हणतं आणि गेलं सगळं. कृपा करून हे लक्षात ठेवा. हा प्रश्न आला तर हात मागे घ्या.

आता मुद्द्याकडे येतो.

माझ्या ओळखीतल्या दहा दुरुस्तीवाल्यांपैकी आठ जण सांगतात, "साहेब, ते एन्क्रिप्शन बंदच करून टाका. डोक्याला ताप." मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगतो.

पूर्वी विंडोज बिघडलं की आपल्याकडचे मेकॅनिक एक हुकमी युक्ती करायचे. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावायचा, मशीन त्यावरून सुरू करायचं आणि सगळा डेटा उचलून घ्यायचा. विंडोजचा पासवर्ड विचारायचीही गरज नाही. आपण खूश व्हायचो. पण जी सोय आपल्याला होती, तीच एसटी स्टँडवर लॅपटॉप चोरणाऱ्यालाही होती. दुरुस्तीला दिलेल्या मशीनमधले घरचे फोटो कुणीही चाळू शकत होतं. वकिलाकडची अशिलाची कागदपत्रं, डॉक्टरकडचे पेशंटचे रिपोर्ट, पतसंस्थेतली कर्जदारांची यादी, सगळं उघड्यावर. लॉगिनचा पासवर्ड म्हणजे नुसता पडदा होता. आता दार आणि कुलूप आलंय. ते काढून टाका म्हणणं म्हणजे चावी हरवते म्हणून दारच काढून ठेवा म्हणणं.

शिवाय कायदाही आता हेच सांगतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लोकांची माहिती बाळगणाऱ्यांना ती सुरक्षित ठेवायला बांधून घालतो. त्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. सुरक्षेच्या उपायांत एन्क्रिप्शनचा उल्लेख आहे, आणि त्याच यादीत बॅकअपचाही, म्हणजे काही बिघडलं तरी काम चालू राहिलं पाहिजे. दोन्ही गोष्टी एकत्र. कुलूपही हवं आणि किल्लीही जागेवर हवी.

म्हणजे माझं भांडण कुलपाशी नाहीच. भांडण आहे ते मालकाला न सांगता कुलूप लावण्याशी, आणि किल्ली तिसऱ्याच्या खिशात जाण्याशी.

विचार करा. नवीन फ्लॅट घेतला. बिल्डरने लॅच बसवलं, छान केलं. पण किल्ली तुमच्या हातात न देता सुपरवायझरच्या नावाने कुठल्यातरी लॉकरमध्ये ठेवली. दार रोज आपोआप उघडतंय म्हणून तुम्हाला पत्ता नाही. एक दिवस बिजागरी बदलली आणि तुम्ही घराबाहेर. हे आपण फ्लॅटच्या बाबतीत एक दिवस तरी चालवून घेतलं असतं का? सोसायटीच्या मीटिंगमध्ये खुर्च्या उडाल्या असत्या!

कंपनीची बाजूही ऐकायला हवी. त्यांचं म्हणणं असं, की सामान्य माणूस किल्ली लिहून ठेवत नाही, म्हणून आम्ही ती त्याच्या खात्यात जपतो. त्यामुळे कित्येकांचा डेटा वाचतो. हे खरंच आहे. स्वतःच्या खात्याने साइन इन केलेल्या माणसाला दुसऱ्या मोबाइलवरून खातं उघडून किल्ली मिळते, आणि ही सोय चांगली आहे. पण दोन गोष्टी राहतात. एक, आपल्याकडे किती जण लॅपटॉपचा सेटअप स्वतः करतात? दुकानदार करून देतो, भाचा करून देतो, ऑफिसातला पोरगा करून देतो. अमेरिकेत बसून ठरवलेली पद्धत आपल्या बाजारपेठेतल्या गल्लीत वेगळी वागते. दुसरी गोष्ट, किल्ली कंपनीकडे आहे म्हणजे कायदेशीर आदेश आला तर ती कंपनीकडून दुसऱ्याच्या हातात जाऊ शकते. कुणाला यात गैर वाटणार नाही, कुणाला वाटेल. पण निर्णय मालकाने विचार करून घ्यावा. न कळत झालेला निर्णय हा निर्णय नसतो.

कुणी म्हणेल, ड्युअल बूट करणारे असतात किती? चार पोरं. त्यांच्यासाठी एवढी ओरड कशाला?

ड्युअल बूटवाल्यांना हे आधी कळतं, एवढाच फरक आहे. ते दुसऱ्या दाराने आत जायला बघतात, म्हणून कुलूप त्यांना आधी दिसतं. बाकीच्यांना ते मदरबोर्ड जळाल्यावर दिसतं. गुरुजी काही ड्युअल बूट करत नव्हते.

मोठ्या प्रमाणावर काय होतं तेही जगाने पाहिलंय. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. विमानतळं, बँका, हॉस्पिटलं. आपल्याकडे काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, त्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. दुरुस्ती खरं तर सोपी होती, एक फाइल काढून टाकायची. पण जिथे बिटलॉकर होतं तिथे आधी प्रत्येक मशीनची ४८ आकडी किल्ली हवी होती. ज्या कंपन्यांनी किल्ल्या नीट लावून ठेवल्या होत्या त्या लवकर सुटल्या. काहींच्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर होत्या तो सर्व्हरच त्या अपडेटने आडवा पडलेला. कपाटाची चावी कपाटात!

मला काळजी वाटते ती आपल्या ग्रामपंचायती, शाळा, पतसंस्था, दूध संस्था यांची. तिथला कॉम्प्युटर ज्या ऑपरेटरने लावला तो बदलून गेला की किल्ली गेली. दप्तर आहे, पण उघडत नाही. कपाटाच्या चाव्या चार्ज देताना यादी करून सही घेऊन देतात. कॉम्प्युटरच्या किल्लीची नोंद मी तरी अजून कुठल्या चार्ज रिपोर्टात पाहिलेली नाही.

आणि हा प्रश्न आता वाढणार आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. कितीतरी चांगली चालणारी मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ती भंगारात घालण्यापेक्षा त्यावर लिनक्स टाकावं, असं म्हणणारे वाढलेत आणि मी त्यातलाच. केरळच्या सरकारी शाळांमध्ये वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकवतात, तिथली पोरं काही मागे पडलेली नाहीत. आपल्या सी-डॅकने बॉस लिनक्स बनवलंय. केंद्र सरकारचं खुल्या मानकांचं धोरण २०१० चं, आणि मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण २०१५ चं. कागदावर दिशा ठरलेली आहे. पण मधली काही वर्षं दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी नांदणार. काही कामं विंडोजवर, काही लिनक्सवर. अशा वेळी एका बाजूला कुलूपबंद केलेलं दुसऱ्या बाजूने उघडेल का, हा प्रश्न खरेदीच्या आधी विचारायला हवा. टेंडरमध्ये रॅम किती, हार्ड डिस्क किती, एवढंच असतं. किल्ली कुणाच्या ताब्यात राहील, आणि फाइल दुसऱ्या सिस्टिमवर उघडेल की नाही, या दोन ओळी त्यात का नसाव्यात?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

दुकानदारांनी सेटअप गिऱ्हाइकाच्याच खात्यावर करावा आणि रिकव्हरी की छापून बिलाच्या पाकिटात द्यावी. दोन मिनिटांचं काम आहे. गॅसचं कार्ड देता, वॉरंटी कार्ड देता, तसंच हे. माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलेला आहे. तक्रार करायची वेळ येऊ देऊ नका.

कंपन्यांनी कुलूप लावण्याआधी ठळक अक्षरात, मराठीत सांगावं, की आता तुमची डिस्क कुलूपबंद होतेय, ही किल्ली, लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. अँटिव्हायरसच्या जाहिराती दाखवायला स्क्रीनवर जागा मिळते, मग याला का मिळत नाही?

सरकारी आणि सहकारी कार्यालयांनी किल्ल्यांचं रजिस्टर ठेवावं. सीलबंद पाकीट, दोन जबाबदार माणसांच्या सह्या, चार्ज देताना नोंद. बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची. ही पद्धत आपल्या लोकांना नवीन नाही.

आता तुमच्या-माझ्यासाठी. हे आज रात्रीच करा, उद्यावर टाकू नका.

१. विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का ते बघा. स्टार्टमध्ये बिटलॉकर असं टाइप केलं तरी कुलपाचा पत्ता लागतो. जोवर विंडोज उघडतंय तोवर किल्ली काढणं तुमच्या हातात आहे. एकदा निळी स्क्रीन आली की नाही.

२. रिकव्हरी कीचा बॅकअप घ्या, प्रिंट काढा. सी आणि डी ड्राइव्हच्या किल्ल्या वेगवेगळ्या असतात, दोन्ही घ्या. प्रत्येकीवर एक ओळख क्रमांक असतो, तोही कागदावर असू द्या. कुठली किल्ली कुठल्या कुलपाची हे त्यावरून कळतं. कागद रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको. लॅपटॉप चोरणाऱ्याला किल्लीही भेट द्यायची आहे का?

३. लॅपटॉप दुसऱ्याच्या आयडीवर असेल तर तो बदला. आधी किल्ली छापून घ्या, मग खातं बदला. आणि बदलल्यावर नव्या खात्यात किल्ली दिसते का ते तपासा.

४. लिनक्स टाकायचं असेल तर आधी सगळ्याचा बॅकअप, मग दोन्ही किल्ल्या कागदावर, मग बायोसला हात. हल्लीची बरीच लोकप्रिय लिनक्स सिक्युअर बूट चालू ठेवूनही बसतात, ते बंद करायची गरज नसते. काही बदलायचंच असेल तर आधी बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करा, 'सस्पेंड' असा पर्याय असतो. ज्या मशीनवर तो दिसत नाही तिथे निदान किल्ली समोर ठेवून मगच पुढे जा.

५. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं, आणि लिनक्समधून ड्राइव्ह नुसता वाचायला मिळतो किंवा उघडतच नाही. लोक याला एन्क्रिप्शनचा दोष समजतात. तो वेगळा मामला आहे.

६. दोन्हीकडे लागणाऱ्या फाइलींसाठी व्हेराक्रिप्ट वापरा. फुकट आहे. विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. एक मोठी फाइल तयार होते, तिजोरीसारखी. पासवर्ड दिला की ती ड्राइव्हसारखी उघडते. किल्ली फक्त तुमच्या डोक्यात. पण हेही सांगतो, पासवर्ड विसरलात तर इथे कुठलीही कंपनी मदतीला येणार नाही. म्हणून तोही एका पाकिटात, घरातल्या एका विश्वासू माणसाला माहीत असू द्या.

७. विंडोजच्या प्रो आवृत्तीत एखाद्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'एन्क्रिप्ट' अशी खूण करता येते. हे बिटलॉकरपेक्षा वेगळं कुलूप आहे. याची किल्ली तुमच्या विंडोजच्या युजर खात्यातल्या सर्टिफिकेटमध्ये असते. लिनक्समधून अशा फाइलींची नावं दिसतात, पण आतलं वाचता येत नाही. आणि सर्टिफिकेट बाहेर काढून न ठेवता विंडोज नव्याने टाकलं, तर त्या फाइली गेल्या असंच समजा. बिटलॉकरची किल्ली इथे कामाची नाही.

८. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॅकअप. एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, मशीनपासून लांब. किल्ली असो वा नसो, डिस्क कधीतरी मरतेच.

शेजारच्या मुलाने नंतर काय केलं माहितीये? त्याने वर्गातल्या सगळ्यांची मशीन तपासली. कितीतरी जणांना आपल्या डिस्कला कुलूप आहे हेच माहीत नव्हतं, आणि काहींची किल्ली कुणाच्या खात्यात आहे याचा पत्ता लागला नाही. आता रविवारी पोरं एकमेकांच्या किल्ल्या छापून देतायत. लिनक्सही त्याने ठेवलंय. काढायचं कशाला? चूक लिनक्सची नव्हती.

गुरुजींची डिस्क मात्र तशीच आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलीय. फेकवत नाही म्हणतात. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलंय, यावेळी फुलस्केप कागदावर. पण मुलाखती दिलेल्या म्हाताऱ्यांपैकी बरेच जण आता राहिले नाहीत, ते रेकॉर्डिंग पुन्हा मिळणार नाही.

तुमच्या घरातल्या, दुकानातल्या, संस्थेच्या मशीनची किल्ली आत्ता कुठे आहे, हे तपासून खाली लिहा. फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढंच लिहा. उत्साहाच्या भरात ४८ आकडे इथे टाकू नका म्हणजे झालं! पोस्ट उचलून आपापल्या गावच्या, सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला माझी हरकत नाही. माझं नाव नसलं तरी चालेल.